एकशे वीस काडतुसं

"पण त्यातलं नेमकं कोणतं, तेवढंच सांगा ना, उस्ताद."

ऋजुतानं पाटावर अकरा काडतुसं ओळीनं उभी केली होती. पिस्तुलाची, करंगळीच्या पेराएवढी, पितळी. शाळेत उशिरा आलेली पोरं वर्गाबाहेर उभी असतात, तशी ती दिसत होती.

बाबालाल मुलाणींनी तिकडे बघितलंही नाही. ते चहा गाळत होते.

"अकराच?"

"संशयित तेवढीच आहेत."

"संशयित." म्हाताऱ्यानं तो शब्द तोंडात घोळवला. "ठाण्यातनं आलीस व्हय गं, मास्तरीण?"

ती हसली नाही. बत्तीस किलोमीटर स्कूटर चालवून, धुक्यात दोनदा रस्ता चुकून, ती किल्ल्याच्या माचीखालच्या या घरापर्यंत चढून आली होती. दुपारचे तीन वाजले होते, आणि पडवीसमोरचं जांभळीचं झाड दिसत नव्हतं. झाड आहे हे तिला माहीत होतं, म्हणून होतं.

बाबालाल तीस वर्षं पलटणीच्या शस्त्रागारात होते. तिथं त्यांना उस्ताद म्हणत, आणि ते नाव गावी आलं तेव्हा त्यांच्याबरोबर आलं. पलटणीनं त्यांची बोली निम्मी धुऊन काढली होती. उरलेली निम्मी जागच्या जागी होती. निवृत्तीनंतर त्यांनी पंचवीस वर्षं तालुक्याच्या नेमबाजी क्लबची काडतुसं भरली. वापरलेल्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, तोलून बारूद ओतायची, वर गोळी दाबायची. झालं काडतूस. सांगायला तीन कामं. त्यातलं मधलं काम माणसाला खातं.

ऋजुताला ते काम त्यांनीच शिकवलं होतं, तीन वर्षांपूर्वी, इथंच.

सहा महिन्यांत ती त्यांच्या पुढे गेली. असं तिला वाटलं होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी., विद्यापीठात तिसरी. तिनं क्लबला इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायला लावला, आणि समितीसमोर, सगळ्यांच्या देखत, हसत हसत म्हणाली होती, "उस्ताद, तुमचा तराजू आता संग्रहालयात शोभेल."

सगळे हसले होते. उस्तादही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तराजू धोतराच्या फडक्यात बांधला आणि ते डोंगरावरच्या या आपल्या जुन्या घरी कायमचे राहायला गेले. त्यानंतर ती आज पहिल्यांदा आली होती.

"कवा भरलीस?"

"मंगळवारी दुपारी. एकशे वीस."

"मग?"

"एक पुंगळी हातात होती. बारूद ओतणार होते..." ती थांबली. "किंवा ओतली होती. तेवढ्यात ओजस रडला. म्हणून उठले. परत येऊन बसले आणि पुढे भरत गेले."

ओजस तिचा मुलगा. नऊ महिन्यांचा.

"मग?"

"मग संध्याकाळी गवार मोडताना एकदम आठवलं. म्हणजे आठवलं नाही. उठण्याआधी ओतली होती की नव्हती, तेच आठवत नाही, हे आठवलं."

उस्तादांनी कप तिच्यापुढे सरकवला.

दोघांनाही पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या पुंगळीत बारूद दोनदा पडली असेल, तर पिस्तूल हातात फुटणार. एकदाही पडली नसेल, तर नुसत्या टोपीच्या जोरानं सरकलेली गोळी नळीतच अडकून बसणार आणि मागून येणारी दुसरी तिच्यावर आदळणार. दोन्हीकडून हात जायचा तो झाडणाऱ्याचा. आणि झाडणारा होता सौमित्र, ऋजुताचा धाकटा दीर. बावीस वर्षांचा, परवा रविवारी राज्याच्या निवड चाचणीला उभा राहणारा. ओजसला खांद्यावर बसवून बाजारात नेणारा.

"मी भरलेली सगळी तोलली," ती घाईनं म्हणाली. "एकेक. तीन-तीन वेळा. संगणकावर तक्ता केला. सरासरीपेक्षा जड निघाली ती सहा, हलकी निघाली ती पाच. ही अकरा."

"पुंगळ्या एकाच घाण्यातल्या होत्या?"

"...नाही."

"पुंगळीपुंगळीचं पितळ सारखं असतं?"

"नाही."

"पितळेतला फरक मोठा का बारुदीतला?"

हे तिला माहीत होतं. संगणकावर तक्ता करतानाही माहीत होतं. पण तक्ता केला की काहीतरी केलंसं वाटतं. बाळाच्या तापाचाही ती तक्ता करायची.

"मग ही अकरा कशाची, मास्तरीण?"

"...माहीत नाही."

"आता बरं बोललीस. चहा घे."

चहा गोड होता, फारच. वर तुळईला पाळण्याच्या दोन लोखंडी कड्या होत्या. त्यांना उस्तादांनी कांद्याच्या माळा अडकवल्या होत्या.

"हात थांबला तर काय करायचं, म्हणून शिकवलं होतं?"

"सगळं परत डब्यात. पुंगळी पालथी. पहिल्यापासून सुरुवात."

"मग का न्हाई केलंस?"

"काट्यावर आकडा बरोबर दिसत होता."

"तू उठायच्या आधीचा आकडा का नंतरचा, ते त्या आकड्यावर लिहिलेलं होतं?"

तिनं कप दोन्ही हातांत धरला.

"पोरगं कशानं रडत होतं? भूक? कुठं होतं?"

धुकं पडवीच्या पायरीपर्यंत आलं होतं. ऋजुतानं कप खाली ठेवला. 

"घरात नव्हता," ती म्हणाली. "माझ्या नणंदेनं, शुभदाताईंनी, सकाळीच त्याला त्यांच्या घरी नेलं होतं. मला निवांत काम करता यावं म्हणून."

उस्तादांनी स्वतःच्या कपात आणखी एक चमचा साखर टाकली.

"मी उठले, खोलीच्या दारापर्यंत गेले. पाळणा रिकामा. तेव्हा लक्षात आलं. आणि मग मी... मी झटकन येऊन बसले. उठलेच नव्हते असं धरून."

पुंगळी पालथी केली असती, तर आपण उठलो होतो हे कबूल झालं असतं. कुणाला कळणार नव्हतं. घरात कुणी नव्हतंच. पण तिला कळलं असतं. म्हणून ती नीट बसली होती, पाठ ताठ करून, शहाण्या बाईसारखी, आणि पुढची पुंगळी उचलली होती.

"सौमित्रला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"काय सांगू? वहिनीला आवाज ऐकू येतात, म्हणून?" ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. "उद्या बाळाला माझ्याजवळ एकटं ठेवतील का, उस्ताद? मी तरी ठेवलं असतं का?"

उस्ताद उठले. दोन्ही गुडघे वाजले.

"चल आत. भरून दाखव."

आत म्हणजे घरात नव्हे. घरामागं डोंगराला टेकून एक दगडी खोली होती, संस्थानच्या काळात बारूद ठेवायला बांधलेली. भिंती हातभर जाड. एकच खिडकी, तीही काचेनं बंद. वारा नको म्हणून उस्ताद तिथंच बसून तोलत.

दाराशी ओलं गोणपाट होतं. अनवाणी पायांनी त्यावर उभं राहून मगच आत जायचं, म्हणजे अंगातली वीज जमिनीत जाते, ही इथली रीत. ऋजुतानं चपला काढल्या, फोन बंद करून कोनाड्यात ठेवला, बांगड्या काढल्या, नायलॉनची ओढणी खुंटीला लावली. गोणपाट बर्फासारखं गार होतं.

"आत बोलायचं न्हाई," उस्ताद म्हणाले.

ते तिला माहीत होतं. बोललं की श्वास सुटतो, आणि श्वासाला वजन असतं.

दोन दगडी चौथरे होते, समोरासमोर. एकावर उस्तादांचा तराजू, सोनाराच्या काट्याएवढा, दांडी काळी पडलेली. दुसऱ्यावर तिनं पिशवीतून आपला इलेक्ट्रॉनिक काटा काढून ठेवला. पाणसळीनं तो सपाट आहे की नाही ते बघितलं. चालू करून थोडा वेळ तापू दिला. रिकामं भांडं ठेवून शून्य केलं. पितळेचं खात्रीचं वजन ठेवून आकडा पडताळला. भांडं उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा शून्य आहे ना ते पाहिलं.

उस्ताद बघत होते. तिला बरं वाटलं. एवढं तरी ती नीट करत होती.

दोघांनी सुरुवात केली.

चमच्यात बारूद घ्यायची, भांड्याच्या काठावर धरायची, तर्जनीनं चमच्याच्या दांड्यावर टिचकी मारायची. दाणा पडतो. आकडा हलतो. आणखी एक टिचकी. तोंड बाजूला करून श्वास. आकडा ठरला की भांडं पुंगळीत रिकामं करायचं, पुंगळी लाकडी ठोकळ्याच्या पुढच्या भोकात उभी करायची.

एक. दोन. तीन.

तिचा हात बसला. पाचव्या-सहाव्यापासून तर विचारही थांबला. समोर उस्तादांचा तराजू झुलायचा, सावकाश व्हायचा, ठरायचा. खिडकीच्या काचेवर बाहेरून धुकं चिकटलं होतं, कुणीतरी पांढरं फडकं दाबून धरावं तसं. इतकं शांत होतं, की बारुदीचा दाणा भांड्यात पडल्याचं ऐकू येत होतं.

आठ. नऊ.

मग तो रडला.

आधी दोन हुंदके. मग तो लांब ओढलेला सूर, झोपेतून उठल्यावर आई दिसली नाही की ओजस काढायचा तो. लांबून नाही, जवळूनही नाही. वरून, खोलीच्या छताकडून.

ऋजुताच्या छातीत कळ आली आणि पान्हा फुटला. कुडत्याला दोन ओले ठिपके पसरत गेले. ती अर्धी उठली होती. चमचा हवेत. ओजस बत्तीस किलोमीटरवर शुभदाताईंजवळ आहे, हे तिला ठाऊक होतं. तिच्या अंगाला ठाऊक नव्हतं.

तिनं उस्तादांकडे पाहिलं.

त्यांचा हात थांबला नव्हता. तर्जनीची टिचकी. एक दाणा. टिचकी. आणखी एक. तराजूची दांडी झुलली, पुन्हा झुलली, ठरली. त्यांनी पारडं उचललं, पुंगळीत रिकामं केलं, पुंगळी ठोकळ्यात ठेवली. मग वर बघितलं.

रडणं थांबलं होतं. केव्हा, ते तिला सांगता आलं नसतं.

"ऐकलंत?" ती म्हणाली. बोलायचं नसतं हे विसरून.

उस्तादांची नजर तिच्या चौथऱ्यावर होती.

"ही नववी पुंगळी," त्यांनी हळूच विचारलं. "भरलीस का भरायचीय?"

तिनं खाली बघितलं. पुंगळी ठोकळ्यात होती. भांडं काट्यावर होतं. भांड्यात बारूद होती. ती या पुंगळीची, की ही भरून झाल्यावर पुढच्या पुंगळीसाठी घेतलेली? आकडा हिरवा, स्थिर, अगदी बरोबर. तिला रडू आलं.

"...आठवत नाही."

पुंगळीत डोकावलं असतं तर दिसलं असतं. तिनं मान पुढे केली. त्याआधीच उस्तादांनी हात लांब करून पुंगळी उचलली, तिचं भांडं उचललं, आणि दोन्ही डब्यात पालथं केलं. मग आधीच्या आठही. मग स्वतःच्याही नऊ.

"बाकीची कुठं हायत?"

"...पिशवीत."

"घरी का न्हाई ठेवलीस?"

"घरात बाळ आहे."

"हं." ते उठले. "आण."

पडवीत आल्यावर तिनं पिशवीतून खोका काढला, पण तो पोटाशी धरूनच उभी राहिली.

"उस्ताद, परवा निवड आहे. उकललेली बारूद परत भरायची नाही हा तुमचाच नियम, तुमच्याकडची नुसती हात बसवायची, आणि नवी परवान्यावर यायला तीन महिने लागतात. ही उकलली तर भाऊजींकडे झाडायला एकही काडतूस उरत नाही. वर्षभर घासलंय त्यांनी."

"व्हय."

"एकशे वीसातली एकशे एकोणीस चांगली आहेत!"

"कोणची?"

तिनं खोका पाटावर ठेवला.

"फोन लाव त्याला," उस्ताद म्हणाले.

धुक्यात फोनला एकच दांडी होती. तीही जायची नि यायची. सौमित्रनं पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला वहिनी! कुठं हरवलात? ताई म्हणते सकाळपासून गायब."

"मी उस्तादांकडे आहे. भाऊजी... रविवारची काडतुसं मी उकलतेय. सगळी."

पलीकडे पिस्तुलाचे लांबचे आवाज येत होते. तो क्लबवर असावा.

"का?"

"भरताना माझा हात थांबला होता. आणि तरी मी पुढे भरत गेले."

"कशानं थांबला?"

इथं खोटं बोलता आलं असतं. दाराची बेल, कुकरची शिट्टी, दूधवाला. घरात काय कमी आवाज असतात?

"ओजसच्या रडण्याचा आवाज आला."

"हां, मग ते..." तो थांबला. "मंगळवारी ना? पण मंगळवारी तर ओजस ताईकडे..."

"हो," ऋजुता म्हणाली.

फोनची ती एक दांडी गेली, परत आली.

"वहिनी."

"हं."

"तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"मग जेवा आधी. उस्तादांकडे झुणका फर्मास असतो." त्याचा आवाज जरा चिरकला, मग त्यानं तो सावरला. "आणि उकला सगळी. बरं झालं. नाहीतरी मी हरणारच होतो, आता निमित्त मिळालं. हात शाबूत राहिला तर पुढच्या वर्षी परत हरता येईल."

फोन ठेवल्यावर ती पाठमोरी उभी राहिली. उस्तादांनी तिला तेवढा वेळ दिला.

मग त्यांनी उकलायचा हातोडा आणला. पोकळ डोक्याचा हातोडा. डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर आपटायचं, की झटक्यानं गोळी सुटते आणि बारूद डोक्यातल्या पोकळीत सांडते. पोकळी डब्यात रिकामी करायची.

"मी आपटतो. तू वत."

"चालेल."

"डोळे मीट."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "का?"

"मीट."

"पण उस्ताद, उकलताना दिसेल ना! दुप्पट निघाली तर लगेच कळेल, रिकामं निघालं तरी..."

"म्हणूनच."

"मला कळायला हवंय! चूक झाली होती की नाही, एवढं तरी..."

"सापडलं तर काय करशील? न्हाई सापडलं तर काय करशील?"

तिनं डोळे मिटले.

ठक्. ठक्. तिसऱ्या ठोक्याला गोळी सुटली. हातोडा तिच्या हातात आला. तिनं चाचपून डबा शोधला, हातोडा वाकडा केला. बारूद सांडल्याचा आवाज पावलांखाली वाळू सरकते तसा होता. हातोडा परत.

ठक्. ठक्. ठक्.

ती मोजत होती. मोजायला कुणी मनाई केली नव्हती. अकरा. वीस. बत्तीस. डोंगरात कुठंतरी ठोके परत येत होते, पण जरा उशिरा, आणि ठोके संपल्यावरही एक जास्त. साठीच्या पुढे तिचा दंड भरून आला. उस्ताद ऐंशीच्या घरातले; त्यांचा ठोका पहिल्याइतकाच होता.

अठ्ठ्याहत्तराव्या वेळी तिनं हातोडा वाकडा केला आणि काहीच आवाज झाला नाही.

किंवा ऐकू आला नाही. त्याच क्षणी तिनं आवंढा गिळला होता. तो कानात वाजला होता.

पापण्या थरथरल्या. एक फट. एवढीशी. नुसती बोटानं पोकळी चाचपली असती तरी चाललं असतं.

"थांबलीस?" उस्तादांचा आवाज अगदी कानाशी आला.

"...नाही."

तिनं हातोडा परत केला.

ठक्. ठक्. ठक्.

एकशे वीस झाल्यावर तिनं डोळे उघडले. जांभळीचं झाड आता दिसत होतं, नुसतं खोड. पाटावर गोळ्यांचा ढीग, पुंगळ्यांचा ढीग, आणि मध्ये डबा.

तिनं डब्याकडे बघितलं, आणि तिच्यातली एम.एस्सी. जागी झाली. एकशे वीस मापं. एका मापाचं वजन तिला पाठ होतं. गुणाकार पाचवीतलं पोर करेल. डबा तोलला, डब्याचं वजन वजा केलं, की एक माप जास्त आहे की कमी की बरोबर, ते लख्ख कळेल. कोणतं काडतूस, ते नाही कळणार. पण आपलं डोकं ठिकाणावर होतं की नव्हतं, ते कळेल.

"उस्ताद, माझा काटा एवढं वजन घेत नाही. तुमचा मोठा तराजू आहे का?"

"हाय."

त्यांनी डबा उचलला. ती आशेनं उभी राहिली. ते तीन पायऱ्या उतरून परसात गेले, दुधी भोपळ्याच्या मांडवाखाली थांबले, आणि पेरणी करावी तशी मूठ-मूठ बारूद ओल्या मातीवर फेकत वेलाभोवती फिरले. डबा रिकामा झाला. तळाशी चिकटलेले दाणे त्यांनी थोपटून पाडले.

"खत हाय," ते म्हणाले. "भोपळे हे एवढे लागत्यात."

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला हुंदका आला. तो तिनं येऊ दिला.

त्यांनी तिला झुणका-भाकरी वाढली. ती जेवली, सावकाश, मंगळवारनंतर पहिल्यांदा चव कळेल असं. कुडत्यावरचे ठिपके वाळून कडक झाले होते. ओजसची खरी वेळ आता जवळ येत होती, अंगातलं घड्याळ सांगत होतं. तिनं ओढणी घेतली, बांगड्या चढवल्या. मोकळ्या पुंगळ्या खोक्यात भरल्या.

पायरीवर ती थांबली.

विचारू नये असं वाटत होतं. हो म्हणाले तर घरी जाईपर्यंत तिला मागं वळून बघावं लागलं असतं. नाही म्हणाले तर आयुष्यभर.

"उस्ताद... मघाशी, खोलीत. तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नाही?"

म्हाताऱ्यानं ताटं एकात एक घातली. पाण्याचा तांब्या उचलला. मग खाली ठेवला. त्यांचं तोंड तिच्याकडे नव्हतं, दगडी खोलीच्या बंद दाराकडे होतं. 

"आलं की," ते म्हणाले. "...त्या कड्यांना पाळणा होता, तवापण आलं होतं. पर पारड्यात बारूद होती."